चौदाशे लिटर खारं पाणी : मोठ्या मरीन टाकीची पहिली तयारी

‘मरीन टाकी करायचीच असेल तर मोठीच करा, मोठ्या टाकीत पाणी स्थिर राहतं,’ हा सल्ला मासे पाळणाऱ्यांमध्ये सगळीकडे ऐकू येतो. तो खरा आहे, पण अर्धा. शंभर लिटरच्या टाकीत एखादा मासा दगडामागे मरून पडला तर रात्रीतून पाणी बिघडतं. चौदाशे लिटरमध्ये तोच मासा पचून जातो. बाष्पीभवनाने खारटपणा चढायला किंवा दुपारी पाणी तापायलाही मोठ्या टाकीत वेळ लागतो, आणि नवशिक्याला हवा असतो तो हा वेळच. उरलेलं अर्धं सत्य असं, की मोठ्या टाकीत काही बिघडलंच तर दुरुस्तीही तेवढीच मोठी असते. अर्धं पाणी बदलायची वेळ आली तर सातशे लिटर तयार पाणी, नेमक्या खारटपणाचं आणि नेमक्या तापमानाचं, त्याच दिवशी हाताशी लागतं. ते कुठे बनवणार, कशात साठवणार, टाकीपर्यंत कसं नेणार आणि जुनं कुठे सोडणार, याचं उत्तर तयार नसेल तर मोठ्या टाकीची घाई करू नका. माझ्या मते मोठी मरीन टाकी टिकते किंवा बुडते ती याच एका गोष्टीवर. मासे, दिवे, दगडांची रचना यांची पाळी त्यानंतर येते.

बोलण्याच्या सोयीसाठी आठ फूट लांब, अडीच फूट रुंद आणि अडीच फूट उंच अशी टाकी धरू. हे झाले ५० घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे काठोकाठ सुमारे १,४१५ लिटर. काचेची जाडी आणि वरची मोकळी पट्टी वजा केली, टाकीखालच्या संपमधलं, म्हणजे फिल्टरच्या टाकीतलं, पाणी मिळवलं, दगड-वाळूने अडवलेली जागा सोडली, की खेळतं पाणी चौदाशे लिटरच्या आसपास राहतं. पुढे औषध असो की मीठ, हिशेब याच आकड्यावर करायचा आहे. याहून मोठी टाकी हवी असेल तर रुंदी वाढवा, उंची नको. स्टँड तीन फूट आणि वर टाकी अडीच फूट म्हटल्यावर तळाशी पडलेली गोगलगाय उचलायला आत्ताच स्टूल लागतं, शिवाय काखेपर्यंत हात बुडतो. उंच टाकी दिवाणखान्यात रुबाबदार दिसते, पण तळ साफ करायचा कंटाळा येतो आणि मग तळच आधी सडतो.

आता वजन. लिटरभर समुद्राचं पाणी १.०२५ किलो भरतं. एवढ्या टाकीला १९ मिलिमीटर जाडीची काच लागते. तीच सव्वातीनशे किलोच्या घरात जाते. लोखंडी स्टँड, दगड, वाळू, भरलेला संप धरून बेरीज सव्वादोन ते अडीच टनांवर जाते, आणि हे सगळं वजन वीस चौरस फुटांवर उभं राहतं. आपल्याकडच्या राहत्या इमारतींचा स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण २०० किलो वापरभार धरून आखलेला असतो. टाकीखाली तो हिशेब सहा पटींनी ओलांडला जातो. याचा अर्थ स्लॅब लगेच कोसळेल असा नाही, कारण भार आजूबाजूला वाटला जातो आणि बीमजवळची जागा खोलीच्या मध्यापेक्षा पुष्कळ भक्कम असते. पण ‘वरच्या मजल्यावरच्यांनी ठेवलीय, काही झालं नाही’ हा पुरावा नव्हे. इमारतीचे नकाशे घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, त्याच्याकडून जागा लेखी ठरवून घ्या आणि सोसायटीला कळवा. बाहेर काढलेल्या बाल्कनीत एवढी टाकी अजिबात नको. तळमजला असेल आणि फरशीखाली सरळ जमीन असेल तर अर्धी काळजी मिटली.

आठ फुटांची टाकी लिफ्टमध्ये जात नाही आणि जिन्याच्या वळणावर अडते, म्हणून ती बहुतेक वेळा जागेवरच जोडतात. सिलिकॉन पूर्ण वाळायला किमान आठवडा द्या. दोन दिले तर उत्तम. स्टँड चौरस पाइपचा, चांगला इपॉक्सी रंग दिलेला हवा. खाऱ्या पाण्याचा तुषार उडत राहतो आणि वेल्डिंगच्या सांध्यावर रंग नीट बसला नसेल तर गंज तिथूनच धरतो. स्टँडवर पाणसळ लावून चारही कोपरे तपासा, काचेखाली थर्मोकोलचा सलग पत्रा घाला. मग साध्या नळाच्या पाण्याने टाकी भरा आणि चार-पाच दिवस तशीच ठेवा. खालच्या कडेने वर्तमानपत्राच्या पट्ट्या लावून ठेवल्या की डोळ्याला न दिसणारी झिरपही कागदावर उमटते. काचेच्या वरच्या कडेपासून पाण्याची रेघ दोन्ही टोकांना सारखी आहे का, तेही मोजून घ्या. फरक दिसला तर टाकी रिकामी करून स्टँड सरळ करायची हीच वेळ आहे.

पाण्याकडे वळू. नळाचं पाणी थेट चालत नाही. त्यात क्लोरीन, नायट्रेट, फॉस्फेट आणि पाइपातून आलेलं तांबं असू शकतं. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याबद्दल तर बोलायलाच नको. आरओ आणि त्यापुढे डीआय रेझिन अशी जोडणी लागते, आणि शेवटी निघणाऱ्या पाण्याचा टीडीएस शून्य दिसायला हवा. स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचं पाणी इथे उपयोगाचं नाही, कारण चवीसाठी त्यात क्षार परत मिसळलेले असतात. ७५ गॅलनचा म्हणून विकला जाणारा मेंब्रेन सगळं जुळून आलं तर दिवसाला २८० लिटर पाणी देतो, म्हणजे टाकी पहिल्यांदा भरायलाच पाच-सहा दिवस लागतात. तेवढ्यात त्याच्या तिप्पट पाणी वाया जाणाऱ्या नळीतून बाहेर पडतं. ते मोरीत सोडू नका. फरशी पुसायला, गाडी धुवायला, फ्लशला ते उत्तम चालतं. ज्या भागात पाणी एक दिवसाआड येतं तिथे हा हिशेब टाकी घ्यायच्या आधीच मांडायला हवा.

माझा आग्रह असा, की दोन पाणसाठे पहिल्या दिवसापासून ठेवा. एक गोड्या शुद्ध पाण्याचा, एक मीठ कालवलेल्या पाण्याचा. प्रत्येकी निदान तीनशे लिटरचा, खाण्याच्या वस्तूंना चालणाऱ्या प्लॅस्टिकचा. ते कोरड्या बाल्कनीत किंवा धुण्याच्या जागेत बसतात आणि तिथून टाकीपर्यंत एक पाइप कायमचा टाकून घेता येतो. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं म्हणजे १४० लिटर. बादल्यांनी करायला गेलात तर सात बादल्या भरून न्यायच्या आणि सात रिकाम्या करायच्या. हे पहिला महिना उत्साहाने होतं, दुसऱ्या महिन्यात एखादा रविवार चुकतो आणि पावसाळा संपेपर्यंत नायट्रेट कुठे पोचलंय ते कुणी मोजत नाही. पंपाचं बटण दाबून तेच काम चहा होईपर्यंत उरकतं. पाइपावर आणि पंपावर गेलेला पैसा हा दिव्यावर गेलेल्या पैशापेक्षा जास्त मासे जगवतो.

मीठ मरीनचंच घ्यावं लागतं. ‘पेणला, वसईला मिठागरं आहेत, तिथलं खडं मीठ का चालत नाही?’ असं पुष्कळ जण विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. मिठागरात पाणी आटत जातं तसं कॅल्शियम आधी जिप्समच्या रूपात खाली बसतं, मग मीठ धरतं आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडू पाण्यात राहून जातं. ते कडू पाणी वेगळं काढून टाकतात. म्हणजे खडे मिठात मुख्यतः सोडियम क्लोराइडच उरतं. ते पाण्यात विरघळवून पुन्हा समुद्र तयार होत नाही. किनाऱ्याचं पाणी ड्रमात भरून आणायचा मोहही टाळा. मुंबईजवळच्या पाण्यात गाळ आणि सांडपाणी असतं आणि पावसाळ्यात खाड्यांच्या पुरामुळे खारटपणा घसरतो. मरीन मीठ लिटरला साधारण ३७ ग्रॅम लागतं. पहिल्या भरण्याला पन्नास किलोहून थोडं जास्त, पुढे दर आठवड्याला पाच किलो. महिन्याच्या किराण्यासारखाच हा कायमचा खर्च आहे, तो घरच्यांना आधीच सांगा.

मीठ नेहमी पाण्यात घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही. तसं केलं तर कॅल्शियमचा साका बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. पंप लावून रात्रभर फिरू द्या, मग मोजा. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, तरंगणारा स्वस्त हायड्रोमीटर नको. काचेवर दोन थेंब टाका, झाकण मिटा, बुडबुडा राहिला नाही ना ते बघा, अर्धं मिनिट थांबा आणि उजेडाकडे धरून निळी-पांढरी रेघ वाचा. ती ३५ पीपीटीवर, म्हणजे १.०२६ च्या जवळ हवी. उपकरण शुद्ध पाण्यावर नाही तर ३५ पीपीटीच्या तयार द्रावणावर जुळवा, नाहीतर ते शून्याला बरोबर आणि नेमकं हव्या त्या जागी चूक दाखवतं. पहिल्या वेळी मीठ सरळ टाकीतच कालवलं तरी चालतं, कारण आत कुणी नसतं. मासे आल्यानंतर मात्र मीठ टाकीत कधीही पडू देऊ नका.

रोज उडणारं पाणी गोड्या पाण्याने भरायचं, कारण वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहतं. एवढ्या टाकीतून दिवसाला दहा ते वीस लिटर सहज उडतं, म्हणून आपोआप भरणारा फ्लोट किंवा सेन्सर लावा. त्याचा साठा मात्र मर्यादित ठेवा. सेन्सर अडकून साठ्यातलं सगळं पाणी एकदम आत आलं तरी संप उतू जाणार नाही आणि खारटपणा फार घसरणार नाही, एवढाच तो असावा.

टाकीखालचा संप म्हणजे या सगळ्याचं यंत्रघर. पाणी वरच्या वियरवरून, म्हणजे ओसंडायच्या कडेवरून, खाली येतं, फिल्टर सॉकमधून गाळलं जातं, स्किमरमध्ये फेसाबरोबर घाण सोडतं आणि रिटर्न पंपाने वर जातं. नवशिक्याने स्किमर थोडा मोठाच घ्यावा. रिटर्न पंप तासाला टाकीच्या तिप्पट ते पाचपट पाणी फिरवेल एवढा पुरे. बाकी प्रवाह वेव्हमेकर देतात, जे आडव्या दिशेने दगडांमधून पाणी ढकलत राहतात. सगळं जोडून झालं की मासे येण्यापूर्वी एक परीक्षा घ्याच. चालू टाकीचा मेन स्विच बंद करा आणि संपजवळ बसून बघा. वियरच्या पातळीपर्यंतचं पाणी खाली येणार, रिटर्नच्या पाइपातलं उलटं ओढलं जाणार. एवढं सगळं संपमध्ये मावलं पाहिजे. न मावल्यास संपची चालती पातळी खाली आणा आणि तिथे रेघ मारून ठेवा. रिटर्नच्या तोंडाजवळ पाण्याच्या पातळीला लागून एक छोटं भोक असलं की हवा शिरून उलटा प्रवाह तुटतो. ते भोक शेवाळाने बुजतं, म्हणून दर महिन्याला काडी घालून मोकळं करा.

वीज जाते हे गृहीत धरूनच टाकी बांधायची. गरम खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळात कमी मावतो, त्यामुळे पंप थांबला की माशांना आधी भूक नाही, श्वास कमी पडतो. डीसीवर चालणारा एक वेव्हमेकर आणि त्याची बॅटरी, नाहीतर घरच्या इन्व्हर्टरवर फक्त रिटर्न पंप किंवा एअर पंप, एवढी सोय रात्रभराला पुरते. चिलर आणि दिवे इन्व्हर्टरवर टाकू नका. सगळ्या टाकीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. प्रत्येक वायर सॉकेटकडे जाण्याआधी खाली झोळ घेऊन वर जावी, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब सॉकेटपर्यंत न पोचता झोळातून खाली पडेल. हात पाण्यात घालताना पंपांचं बटण बंद करायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. घरात मुलं असतील तर त्यांनाही.

उष्णतेचा प्रश्न आपल्याकडे थंडीपेक्षा कितीतरी मोठा आहे. पाणी २५ ते २६ अंशांवर हवं आणि मे महिन्यात मुंबईतली बंद खोली ३२–३३ अंशांवर असते. पुण्या-नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्यावर पंखा मारला तरी तापमान दोन-तीन अंश उतरतं, कारण वाफ वेगाने होते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत तो उपाय थिटा पडतो आणि चिलर घ्यावाच लागतो. या टाकीला एक अश्वशक्तीच्या आसपासचा चिलर लागेल. तो पाण्यातली उष्णता काढून जिथे ठेवलाय तिथे सोडतो, त्यामुळे टाकीच्या कपाटात कोंडला तर स्वतःचीच गरम हवा ओढत राहतो. त्याला बाल्कनीत किंवा खिडकीजवळ मोकळी जागा द्या. उन्हाळ्यात तो दिवसाला आठ-दहा युनिट घेऊ शकतो, म्हणजे महिन्याला अडीचशे-तीनशे युनिट जास्त. महावितरणच्या दरात ३०० युनिटांच्या पुढे टप्पा बदलतो, तेव्हा बिल नुसतं वाढत नाही, उडी मारतं. ही रक्कम झेपत नसेल तर टाकी लहान करणं हाच प्रामाणिक निर्णय आहे. चिलर बंद ठेवून पैसे वाचवण्याचा मार्ग माशांच्या जिवावर जातो.

दगडांच्या बाबतीत कायदा नीट समजून घ्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली कठीण प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या यांचा समावेश झाला. वाघाला जे संरक्षण होतं तेच तेव्हा यांना मिळालं. त्यामुळे ‘अंदमानचा लाइव्ह रॉक’, ‘लक्षद्वीपचं कोरल’ असं कुजबुजत दाखवलं जाणारं काहीही घेऊ नका. किनाऱ्यावर सापडलेला प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा टाकीत घालायची वस्तू नाही. मालवणच्या समुद्रात प्रवाळ जिवंत बघता येतं, ते तिथेच राहू द्यावं. पहिल्या टाकीला सिरॅमिकचा किंवा मत्स्यालयासाठी घडवलेला कृत्रिम सच्छिद्र दगड पूर्ण पुरतो. तो तळाच्या काचेवर जाड पत्रा टाकून आधी पक्का बसवा आणि वाळू नंतर घाला. काही मासे वाळू उकरतात आणि वाळूवर टेकवलेला ढीग एक दिवस काचेवर येतो. दगड मागच्या काचेला चिकटवू नका. मागून पाणी फिरलं पाहिजे आणि हातही गेला पाहिजे. निम्मी टाकी पोहायला मोकळी सोडा.

यानंतर टाकी रिकामी चालवायची, आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. माशांच्या शरीरातून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया सुटतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट. हे जिवाणू दगडांवर वसायला चार ते सहा आठवडे लागतात. पूर्वी यासाठी डॅम्सेल मासे सोडून त्यांना अमोनियात जगू किंवा मरू देत. ती क्रूर पद्धत आता कुणी वापरू नये. शुद्ध अमोनियम क्लोराइड घ्या. कल्हईला वापरतात तो नवसागर म्हणजे हेच रसायन, पण बाजारातला अशुद्ध खडा नको, प्रयोगशाळेच्या दर्जाची पूड हवी. चौदाशे लिटरला साधारण नऊ ग्रॅम घातले की अमोनिया दोन पीपीएमच्या आसपास येतो. बाटलीतले जिवाणूही सोबत घाला, दिवे बंद ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी मोजत राहा. घातलेला दोन पीपीएम अमोनिया चोवीस तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही उरलं नाही, म्हणजे टाकी तयार. मग एक मोठा पाणीबदल करून नायट्रेट खाली आणा. पुढचे काही महिने दगडांवर तपकिरी थर येईल, मग हिरवे केस येतील. हे प्रत्येक नव्या टाकीत होतं. औषधं ओतू नका, दिव्याचे तास कमी करा, टर्बो आणि ट्रोकस गोगलगायी सोडा आणि खाणं आवरतं घ्या.

टाकी रिकामी चालते त्या आठवड्यांत क्वारंटाइनची टाकी उभी करा. ही मी ऐच्छिक मानत नाही. दीडशे-दोनशे लिटरची साधी टाकी, वाळू नाही, दगड नाही, लपायला पीव्हीसीचे तुकडे, आणि मोठ्या टाकीच्या संपमध्ये महिनाभर ठेवून जिवाणू बसवलेला स्पंज फिल्टर. प्रत्येक नवा मासा इथे किमान चार ते सहा आठवडे राहणार. कारण असं, की मरीन माशांवर येणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग फसवा असतो. अंगावर रव्याच्या कणांएवढे ठिपके दिसतात, आठवड्याच्या आत ते आपोआप गळतात आणि आपण समजतो मासा बरा झाला. प्रत्यक्षात परजीवी मासा सोडून खाली गेलेला असतो, दगडावर कवच करून बसतो, आतल्या आत शेकड्यांनी वाढतो आणि काही दिवसांनी, कधी दोन महिन्यांनीसुद्धा, फुटून नव्याने मासे शोधतो. म्हणूनच रोग शिरलेली टाकी ७६ दिवस माशांविना ठेवायचा जुना नियम आहे. आता चौदाशे लिटरच्या टाकीतून एकेक मासा पकडायचा म्हणजे काय होतं त्याचा विचार करा. सगळे दगड उपसावे लागतात. तांब्याचं औषध तिथे घालता येत नाही, ते दगडात मुरतं आणि गोगलगायी, खेकडे, कोळंबी मारतं. क्वारंटाइनमध्ये तेच औषध टेस्ट किटने रोज मोजून नेमक्या मात्रेत देता येतं; तांब्याच्या औषधांचे प्रकार वेगळे आणि मात्राही वेगळ्या, तेव्हा बाटलीवरचाच आकडा धरा.

ठिपक्यांपेक्षा घातक आहे तो वेल्व्हेट रोग. त्यात ठिपके दिसण्याआधी श्वास बदलतो. रोज सकाळी दिवा लावण्यापूर्वी माशाच्या कल्ल्यांची उघडझाप मिनिटभर मोजा आणि त्या माशाची नेहमीची चाल ओळखून ठेवा. एक दिवस ती झपाट्याने वाढलेली दिसली, मासा पंपाच्या धारेसमोर तोंड करून थांबला, उजेड टाळू लागला आणि टॉर्च तिरका धरल्यावर अंगावर सोनेरी धूळ दिसली, तर उद्यावर ढकलू नका. तासांचा प्रश्न असतो.

मासा दुकानातून आणताना दुकानदाराला तुमच्यासमोर त्याला खायला घालायला सांगा. जो खात नाही तो कितीही सुंदर असला तरी घेऊ नका. डोक्यामागचा भाग आणि पोट आत गेलेलं असेल तर तो उपाशी राहिलेला आहे. परदेशातून येणारे काही मासे अजूनही सायनाइड वापरून धरलेले असतात. ते चकचकीत दिसतात आणि काही आठवड्यांत मरतात. म्हणून टाकीत पैदास झालेले मासे मिळतील तिथे तेच घ्यावेत. क्लाउनफिशची पैदास भारतात चांगली रुळली आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या विळिंजम आणि मंडपम केंद्रांनी त्यावर काम केलं, आणि आपल्याकडे ऐरोलीलाही कांदळवन प्रतिष्ठानाने क्लाउनफिशची हॅचरी उभी केली. हे मासे टाकीतल्या जगण्याला आणि कोरड्या खाण्याला जन्मापासून सरावलेले असतात. पिशवीतून सोडताना लांबलचक थेंब-थेंब पद्धत वापरू नका. बंद पिशवीत कर्बवायू साचून सामू घसरलेला असतो, त्यामुळे साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो; पिशवी उघडली की सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. दुकानातला खारटपणा आधी विचारून घ्या, क्वारंटाइनचं पाणी तेवढंच करून ठेवा, पिशवी पंधरा मिनिटं तरंगवून तापमान जुळवा आणि मासा सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत ओता.

कोणते मासे? पहिल्या वर्षासाठी माझा क्रम शांत ते तापट असा आहे. आधी ऑसेलारिस क्लाउनची जोडी. मग कार्डिनल किंवा हिरव्या क्रोमिसचा छोटा थवा, एखादा गोबी, एखादा रास. सहा महिन्यांनंतर, टाकीत शेवाळ धरू लागल्यावर, फॉक्सफेस. त्याचे काटे विषारी असतात, तेव्हा जाळीत आला तर हात जपा. टँग सगळ्यात शेवटी. त्यांना आठ फुटांची लांबी मानवते, पण ते जागा धरून बसतात आणि नंतर आलेल्याला जगू देत नाहीत. निळा टँग दुकानात नाण्याएवढा दिसतो आणि तीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो. बांबू शार्कची पिल्लं मोठ्या टाकीवाल्यांना आवर्जून दाखवतात. ती मीटरभर लांब होतात आणि या टाकीत वळूही शकत नाहीत. मूरिश आयडॉल, मँडरिन आणि क्लीनर रास यांना योग्य खाणं मिळत नाही आणि ते झुरून मरतात. पावडर ब्लू टँग आपल्याच लक्षद्वीपच्या समुद्रातला, दिसायला अप्रतिम, पण ठिपक्यांचा रोग त्याला इतक्या सहज होतो की पहिल्या दोन वर्षांत त्याचा विचार नको. महिन्याला दोन-तीन माशांपेक्षा जास्त वाढवू नका. जिवाणूंना वाढीव अमोनिया पेलायला वेळ लागतो. वर बारीक जाळीचं झाकण लावा, रास आणि गोबी उड्या मारतात.

एकदा टाकी रुळली की रोजचं काम थोडं असतं: तापमान बघणं, श्वास बघणं, दोनदा थोडं थोडं खाणं, स्किमरचा कप धुणं. आठवड्याला पाणीबदल, सॉक बदलणं, खारटपणा आणि नायट्रेटची नोंद. वही ठेवा, आकडा एकटा काही सांगत नाही, महिन्याभराचे आकडे सांगतात. फक्त माशांच्या टाकीत नायट्रेट २० पीपीएमच्या आत राहिलं तर छान, चाळिसाच्या वर जाऊ लागलं तर खाणं कमी करा किंवा पाणीबदल वाढवा.

आणि गणपतीला गावी जायच्या आधीची तयारी. पाच-सात दिवस घर बंद राहणार, त्यात भाद्रपदातल्या पावसात वीज हमखास दगा देते. शेजाऱ्यांवर खाणं सोपवणार असाल तर डबा देऊ नका. रोजच्या मात्रेच्या पुड्या बांधून त्यांवर तारखा घाला आणि बाकीचं खाणं कपाटात बंद करा. प्रेमापोटी मूठभर जास्त घातलेलं खाणं वीज जाण्यापेक्षा जास्त टाक्या बिघडवतं. धडधाकट मासा तीन-चार दिवस उपाशी सहज राहतो. गोड्या पाण्याचा साठा भरून ठेवा, स्किमर जरा कोरड्यावर लावा म्हणजे कप उतू जाणार नाही, तयार खारं पाणी दोनशे लिटर साठ्यात असू द्या. टाकीच्या कपाटाच्या दारावर आतून एक कागद चिकटवा: संपची रेघ कुठे असावी, मेन कोणता, बॅटरी कुठे जोडायची, कोणत्या प्लगला हात लावायचा नाही, प्लंबरचा आणि तुमचा नंबर. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी शेजाऱ्यांना बोलावून तो कागद त्यांच्याकडूनच वाचून घ्या आणि मेन त्यांच्या हाताने एकदा बंद-चालू करवून घ्या.